दैवाला दोष कशाला?

पंचेचाळिशीही न ओलांडलेला गृहस्थ सकाळी डबा घेऊन कचेरीस निघावा, रेल्वेच्या जिन्यावर त्याच्या छातीत कळ यावी आणि दुपारी त्याचे शवच घरी यावे, असा प्रसंग आपल्या शहरात इतका नित्याचा झाला आहे की त्याची बातमीही होत नाही. शेजारीपाजारी जमतात, ‘कसले व्यसन नव्हते हो, सुपारीचे खांडही कधी तोंडात टाकले नाही,’ असे हळहळतात. कोणी वृद्ध आप्त ‘त्याचे वडीलही असेच तडकाफडकी गेले होते,’ अशी आठवण काढतो. आणि दैवापुढे कोणाचा इलाज नाही, यावर अखेर साऱ्यांचे एकमत होते. तेरावा उरकतो, माणसे आपापल्या वाटेला लागतात. त्या घरात मृताचा धाकटा भाऊ असतो, बहीण असते, कॉलेजात जाणारा मुलगा असतो. वृद्ध आप्ताने सहज काढलेली ती आठवण वस्तुतः या तिघांसाठी धोक्याची सूचना होती, हे मात्र कोणाच्याच ध्यानी येत नाही.

ही सूचना कशी वाचावी, हे विज्ञानाने गेल्या पन्नास वर्षांत शोधून काढले आहे. अमेरिकेतील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण डॉक्टर एका असाधारण व्याधीने अस्वस्थ झाले. सहा-आठ वर्षांच्या मुलांना हृदयविकाराचे झटके येत होते. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सामान्य माणसाच्या कित्येक पट होते आणि त्यांच्या आईबापांचेही प्रमाणाबाहेर होते. या मुलांनी कसले अपथ्य केले असणार? ब्राऊन व गोल्डस्टीन यांनी डॅलस येथील प्रयोगशाळेत अशा रुग्णांच्या त्वचेतील पेशी वाढविल्या आणि निरोगी माणसाच्या पेशींशी त्या ताडून पाहिल्या. १९७३-७४ च्या सुमारास त्यांना उत्तर सापडले. कोलेस्टेरॉल रक्तातून ‘एलडीएल’ नावाच्या कणांत भरून हिंडत असते. पेशींच्या, विशेषतः यकृताच्या पेशींच्या, पृष्ठभागावर हे कण पकडून आत घेणारे एक प्रथिन असते; त्यास आपण ‘ग्राही’ म्हणू. वखारीच्या दारावरील हमालाप्रमाणे हा ग्राही कण उचलतो, आत नेऊन टाकतो आणि पुन्हा दारावर येऊन उभा राहतो. दर दहा मिनिटांस एक याप्रमाणे त्याच्या खेपा चालू असतात. त्या मुलांच्या पेशींवर हे हमालच नव्हते. माल रक्तातच साचत होता आणि धमन्यांच्या भिंतींत शिरून त्या अरुंद करीत होता.

या शोधाबद्दल दोघांस १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सन्मानाहून त्या शोधाचा अर्थ मोठा आहे. या ग्राहीचा आराखडा माणसास आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन प्रतींत मिळतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याचा प्रसंग फार विरळा. परंतु एक प्रत बिघडलेली माणसे मुळीच विरळ नाहीत. जगभरच्या पाहण्यांतून त्यांचे प्रमाण अडीचशे ते तीनशे माणसांत एक असे आढळते. हेच प्रमाण आपल्या देशास लावले, तर अशा माणसांची संख्या पंचेचाळीस लाखांच्या वर जाते. जन्मापासून त्यांच्या रक्तातील एलडीएल साधारण दुप्पट असते. उपचार न झाल्यास त्यांतील सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. आणि अशा माणसाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात व प्रत्येक अपत्यात तोच दोष असण्याचा संभव निम्मा असतो. म्हणजे असा रुग्ण सापडला की तो एकटा कधीच नसतो. त्याच्यामागे एक कुटुंब उभे असते.

निदान झाले पण उपाय नाही, अशी स्थिती असती तर हे ज्ञान केवळ क्लेशदायक ठरले असते. परंतु उपायही त्याच सुमारास हाती येत होता. टोकियोतील अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने सहा हजारांहून अधिक बुरशींची चिकाटीने छाननी केली आणि १९७३ साली त्यांतील एकीतून कोलेस्टेरॉलचे उत्पादन रोखणारे द्रव्य वेगळे काढले. त्यातून पुढे स्टॅटिन ही औषधे जन्मास आली. १९८७ साली त्यांतील पहिले अमेरिकेत विक्रीस मान्य झाले. त्यांची करामत मोठी मनोरम आहे. यकृताच्या पेशीतील कोलेस्टेरॉलचे घरगुती उत्पादन मंदावले की ती पेशी दारावर अधिक ग्राही उभे करते आणि हवा तो माल रक्तातून ओढून घेते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन देशांतील चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांपैकी ज्यांना असे औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या तुलनेने ३० टक्क्यांनी घटले. पुढे २००३ मध्ये माँट्रियल आणि पॅरिस येथील संशोधकांनी या ग्राहींचा नाश घडविणारे ‘पीसीएसके ९’ हे प्रथिन उजेडात आणले. हे प्रथिन जन्मतःच दुबळे असलेल्या काही अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांची माहिती हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी तपासली, तेव्हा पंधरा वर्षांच्या काळात त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. त्या दाखल्यावरून निघालेली सुईवाटे द्यावयाची औषधे २०१५ पासून वापरात आहेत. ती आजही महागच आहेत. पण बहुसंख्य रुग्णांस ज्यांनी भागते त्या स्टॅटिनच्या गोळ्या आपल्याच देशात बनतात आणि स्वस्त मिळतात.

मग अडते कोठे? आमच्या मते अडते ते आपल्या विचाराच्या सवयीत. हृदयविकार म्हटला की आपल्याला आठवते ते तूप, तळण आणि आळस. तंबाखू, बैठे जीवन, वाढते वजन, रक्तदाब व मधुमेह ही हृदयविकाराची प्रमुख कारणे आहेत आणि त्यांविरुद्धचा प्रचार एका शब्दानेही सैल होता कामा नये, हे उघड आहे. परंतु हा प्रचार एकांगी झाला की त्यातून दोन अनर्थ संभवतात. शिडशिडीत, निर्व्यसनी, रोज फिरावयास जाणारा माणूस स्वतःस सुरक्षित समजून रक्त तपासून घेत नाही; आणि तो गेला की घरातील स्त्रीच्या हातच्या फोडणीवर ठपका येतो. ज्या कुटुंबात दोष ग्राहींचाच आहे, तेथे केवळ पथ्याने भागत नाही. तेथे औषधच हवे, आणि ते पहिल्या झटक्यानंतर नव्हे, तर आधी हवे.

हे घडवून आणणे अवघड नाही. नेदरलँड्सने १९९४ पासून सुमारे वीस वर्षे देशभर एक साधी मोहीम चालविली. एक रुग्ण निश्चित झाला की त्याच्या संमतीने त्याच्या नातलगांपर्यंत जावयाचे आणि त्यांची तपासणी करावयाची. त्या मार्गाने हजारो माणसे झटका येण्यापूर्वी हाती लागली. आपल्याकडे प्रत्येकाचा जनुकीय आराखडा तपासण्याची ऐपत नसेल. पण तिची पहिल्या पायरीवर गरजही नाही. साधी कोलेस्टेरॉलची तपासणी गल्लोगल्ली होते. प्रौढ माणसाचे एलडीएल १९० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक निघाले, किंवा टाचेच्या शिरेवर, बोटांच्या सांध्यांवर मेदाच्या गाठी दिसल्या, की डॉक्टरांच्या मनात शंका आलीच पाहिजे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अठराव्या वर्षी पहिली तपासणी करण्याची आणि घराण्यात हा विकार असल्यास ती त्याहूनही आधी करण्याची शिफारस आहे. ती कागदावर राहू नये, एवढीच अपेक्षा. पंचावन्नच्या आतील पुरुष किंवा साठीच्या आतील स्त्री हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झाली, तर तिला घरी पाठविण्यापूर्वी तिच्या भावंडांची व मुलांची तपासणी करण्याची सूचना लेखी द्यावी, आणि पालिकेच्या व सरकारी रुग्णालयांत ती तपासणी विनामूल्य व्हावी. धमनीत स्प्रिंग बसविण्यासाठी लाख-दीड लाखांची तजवीज करणाऱ्या व्यवस्थेस या तपासणीचा खर्च जड वाटावा, हे पटण्यासारखे नाही.

यात खरी धोंड आहे ती निराळीच, आणि ती आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या उंबरठ्याआड आहे. घराण्यात दोष आहे असे कळले तर मुलीचे जमावयाचे कसे, ही ती धोंड. पत्रिकेतील मंगळ चार ज्योतिष्यांकडून तपासून घेणारे आपण रक्ताचा अहवाल मात्र कपाटात कुलूपबंद करतो. ही लाज अस्थानी आहे. कारण अडीचशे-तीनशे माणसांत एकास असणारा दोष कोणत्याही जातीचा, कुळाचा वा गोत्राचा कलंक ठरू शकत नाही, आणि वेळीच कळला तर तो एका गोळीने आवरता येतो. परंतु सारी भीती कल्पित आहे असेही नाही. आनुवंशिक विकाराच्या नावाखाली विमा नाकारला जाण्याचे प्रकार घडले आहेत. हृदयाच्या स्नायूच्या अशाच एका विकाराच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्यविम्यातील असा भेदभाव घटनाविरोधी ठरविला. अमेरिकेने २००८ मध्ये आरोग्यविमा व नोकरी यांतील जनुकीय भेदभावास मनाई करणारा स्वतंत्र कायदा केला. तसा आपल्याकडे नाही. लोकांनी निर्भयपणे तपासून घ्यावे असे वाटत असेल, तर हे संरक्षण संसदेने त्यांना दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट संशोधनाची. परदेशी प्रयोगशाळांचे ऋण आम्ही मान्य करतो. पण आपल्या लोकांचे रक्त आपणच तपासले पाहिजे. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी देशीविदेशी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवून दिले, की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरे गळाल्याचा दोष सुमारे चार टक्के भारतीयांत आहे आणि उतारवयाकडे झुकताना तो हृदय दुर्बल करण्याचा धोका वाढवितो. हा दोष मुख्यतः भारतीय उपखंडातला. युरोपियनांच्या रक्तात तो शोधणाऱ्यास तो कधीच गवसला नसता. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली, हे स्वागतार्हच होय. परंतु अशी माहिती फळास यावयाची तर माणसांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे निष्ठेने नोंद ठेवावी लागते, आणि ते काम करणाऱ्या संस्थांस तितकीच वर्षे अखंड पैसा पुरवावा लागतो.

१९९० साली आपल्या देशातील मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले होते. २०१६ साली ते प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. यांतील प्रत्येक मृत्यू टळला असता असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या घरात बापाचा बळी गेला त्याच घरात वीस वर्षांनी मुलाचाही त्याच कारणाने बळी जावा, आणि मधल्या वीस वर्षांत एकदाही त्याचे रक्त तपासले जाऊ नये, यास दैव म्हणणे हा दैवावरही अन्याय आहे. ज्या काळी कारण ठाऊक नव्हते त्या काळी हा शब्द क्षम्य होता. आज कारण ठाऊक आहे, तपासणी हाताशी आहे आणि औषधही परवडणारे आहे. अशा घरी समाचारास जाण्याची वेळ आपणांपैकी कोणावर आली, तर सांत्वनाचे शब्द बोलून झाल्यावर, चार दिवसांनी का होईना, धाकट्या भावाला आणि मुलाला बाजूला घेऊन ‘तुम्ही रक्त तपासून घेतलेत का?’ एवढे अवश्य विचारावे. त्या घराची याहून मोठी सेवा दुसरी नाही.