शांतीसुद्धा शिकावी लागते



दिवसभराची कामं उरकून पाठ अंथरुणाला टेकते, आणि नेमकं त्याच वेळी मन उठून बसतं. मुलाची दहावी, यजमानांच्या नोकरीतली कुरबुर, सासूबाईंचं औषधपाणी, महिनाअखेरचा हिशेब, आणि दुपारी जाऊबाई सहज बोलून गेल्या ते एक वाक्य! आपल्यातल्या ख्रिस्ती भगिनींना तर वर आणखी एक टोचणी असते. प्रार्थना करून झोपलो, तरी मन शांत नाही. मग आपला विश्वासच कच्चा की काय?

तसं मुळीच नाही. चिंतेविषयीच्या ज्या वचनावरून आपण स्वतःला दोष देतो, ते ज्या पत्रातलं आहे ते सबंध पत्र आज जरा उघडून पाहू या. नव्या करारातलं हे फिलिप्पैकरांस पत्र. अवघे ४ अध्याय, १०४ वचनं. डाळीचा कुकर होऊन थंड होईपर्यंत वाचून संपेल एवढंच. पण आपण त्यातलं एकच वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचतो आणि बाकीचं तसंच राहतं.

नदीकाठच्या बायका

फिलिप्पै हे आजच्या उत्तर ग्रीसमधलं जुनं शहर. तिथली मंडळी कशी सुरू झाली ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात सांगितलं आहे. पौल शब्बाथाच्या दिवशी वेशीबाहेर नदीकाठी गेला, तेव्हा तिथे जमलेल्या होत्या त्या बायका. त्यांतली एक लुदिया. जांभळी वस्त्रं विकणारी, चांगली व्यवहारी बाई. तिनं आणि तिच्या घरच्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग पाहुण्यांना तिनं आग्रहानं आपल्या घरी उतरवून घेतलं. तेव्हा पुढे पौलाचं पत्र आलं, ते ऐकायला घरही सांभाळणाऱ्या नि कामधंदाही करणाऱ्या बायका बसल्या असणारच.

हे पत्र पौलानं कैदेतून लिहिलं. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली होती. ती पोचल्याचं हे पत्र, म्हणजे बरंचसं आभाराचं पत्रच म्हणा ना!

चिंता पौलालाही होती

आता गंमत पाहा. दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की हा एपफ्रदीत आजारी पडून अगदी मरणाच्या दारी गेला होता. तो वाचला नसता तर माझ्या दुःखावर दुःख आलं असतं, आणि आता तो घरी तुमच्याकडे परतला की माझीही काळजी हलकी होईल, अशा अर्थाचं तो मोकळेपणानं लिहितो. म्हणजे चिंता करू नका म्हणून सांगणाऱ्यालाही चिंता होती. त्यानं ती लपवली नाही.

चौथ्या अध्यायाच्या आरंभी तर दोन बायकांचं भांडण आहे. युवदीया आणि सुंतुखे. दोघी चांगल्या, दोघींनी पौलाबरोबर कष्ट केलेले, पण आपापसांत पटत नव्हतं. पौल दोघींची सारखीच विनवणी करतो. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगत नाही. आणि एका मंडळीतल्याला म्हणतो, या दोघींना मदत कर. त्यानंतर तीनच वचनांनी चिंतेविषयीचं ते प्रसिद्ध वचन येतं. म्हणजे ते कोणा संन्याशासाठी लिहिलेलं नाही. भांडण, आजारपण, पैशाची ओढाताण चालू असलेल्या माणसांसाठीच ते आहे.

त्यात सांगितलंय तरी काय? मनात जे घोळतंय ते देवापुढे मागणं म्हणून मांडा, आणि मांडताना आभारही माना. असं केलं की मागितलेलं सगळं मिळेल, असं पौल म्हणत नाही. देवाची शांती तुमच्या अंतःकरणाचं रक्षण करील, एवढंच म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत रक्षणासाठी तिथे जो शब्द आहे तो शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. दारावर पहारा बसला म्हणून रस्त्यावरची वर्दळ थांबत नाही. पण वाटेल तो आत घुसत नाही, एवढं मात्र खरं.

आणखी पुढे, ११ व्या वचनात, पौल स्वतःबद्दल म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द ध्यानात धरा. पोळी पहिल्याच दिवशी गोल झाली नव्हती. मग शांती तरी एका रात्रीत कशी येईल?

आभार नावानिशी माना

'देवा, सगळ्याबद्दल आभारी आहे' असं घाईनं म्हटलं की तोंड म्हणतं, मन कुठे तरी दुसरीकडेच असतं. पौलाचे आभार तसे नाहीत. मी थेस्सलनीकात असतानाही तुम्ही एकदोनदा मदत पाठवली होतीत, असं तो गावाचं नाव घेऊन लिहितो. आपणही तसंच करावं. एक साधी वही ठेवा. दुकानाच्या हिशेबाची जुनी वहीसुद्धा चालेल. रोज रात्री फक्त तीन ओळी: आज नळाला पाणी पूर्ण वेळ आलं, धाकटीचा ताप उतरला, शेजारच्या वहिनींनी न मागता भाजी आणून दिली.

आणि त्या वहिनींना दुसऱ्या दिवशी तसं सांगाही! देवाचे आभार आणि माणसाचे आभार पौलानं एकाच पत्रात मानले आहेत. घरच्या माणसांना तर आपण हे सांगायचं विसरूनच जातो. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत प्रत्येकानं घरातल्या एकाचं नाव घेऊन एका गोष्टीसाठी उपकारस्तुती करावी. मुलं आधी हसतील, नंतर आठवून आठवून सांगतील.

आभार म्हणजे सोसणं नव्हे

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. 'देवाचे आभार मान आणि गप्प राहा' असा सल्ला पुष्कळ बायकांना आजवर मिळाला आहे. नवऱ्याचा हात उठत असतानासुद्धा! शास्त्राच्या नावानं असं कोणी सांगितलं, तर तोच १६ वा अध्याय शेवटपर्यंत वाचा. फिलिप्पैमध्येच पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. पाय खोड्यात असताना मध्यरात्री ते स्तोत्रं गात होते, हे आपण दर वेळी ऐकतो. पण सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जायला सांगितलं, तेव्हा पौलानं साफ नकार दिला, हे कमी वेळा ऐकतो. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा, असा त्याचा आग्रह होता. आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं.

रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता. घरात मारहाण, छळ होत असेल तर विश्वासातल्या माणसाला सांगा. घरातल्या हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. मदतीसाठी १८१ हा फोन क्रमांक आहे. तो फिरवल्यानं विश्वासाला उणेपणा येत नाही.

आणि ज्या दिवशी आभार सुचतच नाहीत, त्या दिवशी १३ वं स्तोत्र काढा. सहाच वचनांचं आहे. त्यात दावीद देवाला 'किती काळ?' हा प्रश्न चार वेळा विचारतो. रडण्यालाही शास्त्रात जागा आहे, बरं का!

वाचायचं कसं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत शास्त्र असावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये वर्षानुवर्षं भाषांतर करीत राहिल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. ते बायबल १९२४ साली छापून निघालं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकामुलींनी केलं. बाईंनी एवढे कष्ट घेतले ते आपल्याला समजून वाचता यावं म्हणूनच ना?

तर मग एक महिना असं करून पाहा. दर आठवड्याला या पत्राचा एक अध्याय घ्या. सोमवारी सबंध अध्याय वाचा. मंगळवार ते शुक्रवार रोज पाच ते आठ वचनं, सावकाश, जमल्यास मोठ्यानं. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा: हे कोण सांगतंय? कोणाला? आणि त्या वेळी त्यांच्यावर काय प्रसंग होता? शनिवारी आवडलेलं एक वचन वहीत उतरून पाठ करा. अडलेला शब्द समासात लिहून ठेवा आणि रविवारी उपासनेनंतर पाळकांना किंवा महिला मंडळात विचारा. विचारायला लाजू नका.

वेळ ठरलेली असावी. दुपारची झाकपाक झाल्यावर किंवा पहाटे दूधवाला यायच्या आधी, जशी ज्या घरची सोय. एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करा, मागचं भरून काढण्याचा हट्ट नको. चौथ्या आठवड्यात युवदीया आणि सुंतुखे भेटतील. तेव्हा आपल्या मनात कोणाचं नाव येतं ते पाहा, आणि जमलं तर त्या घरी चहाला जाऊन या.