नो सर्व्हिस, नो फी?

परवा सोसायटीच्या कट्ट्यावर पुन्हा तेच रडगाणं. 'पाळणाघरात हल्ली चांगल्या बायका टिकतच नाहीत हो!' म्हटलं, या वीकेंडला यावर लिहायचंच.

मंडळी, टिकतील कशाला? आठवा 2020. 25 मार्चपासून लॉकडाऊन, पाळणाघरं बंद. आमच्या लेकीचं पाळणाघर म्हणजे भाड्याचा फ्लॅट, एक ताई, चार मावश्या आणि सोळा पोरं. एप्रिलची फी भरायची वेळ आली तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'नो सर्व्हिस, नो फी'. पटापट अंगठे पडले. त्यात एक माझा. घरबसल्या पूर्ण पगार घेत होतो मी तेव्हा, पेट्रोल वाचत होतं ते वेगळंच.

आणि त्याच महिन्यात सोसायटीचा मेंटेनन्स मुकाट भरला. स्विमिंग पूलला कुलूप, जिमला कुलूप. तिथे नाही कुणाला 'नो सर्व्हिस' आठवलं!

हिशोब तर करून बघा, एक्सेलसुद्धा नको. फी साडेपाच हजार, मावशीचा पगार सात हजार. निम्मी फी दिली असती तरी 44 हजार जमले असते. चौघींचे 28 गेले तरी भाड्याला 16 उरतात. ज्यांचे स्वतःचे पगार कापले गेले त्यांचं सोडा, त्यांना कोण बोलतंय? पण आपण बाकीचे?

सरकारचं म्हणाल, तर 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला होता की बंदच्या काळात मालकांनी पगार कापू नयेत. 18 मेपासून तो मागेही घेतला. पण इथे मालक कोण? ताई? तिची कमाई म्हणजे आपलीच फी. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीला पाळणाघराची सोय सक्तीची केली. म्हणजे आपली सोय हक्काची झाली. पोरं सांभाळणारीला काय मिळावं, यावर त्या कलमात अवाक्षर नाही.

असो. 2022 मधे ऑफिसने परत बोलावलं तेव्हा लेकीच्या लाडक्या मावशींना शोधत गेलो. एका मेसमधे पोळ्या लाटत होत्या. पाळणाघर पुन्हा सुरू झालंय, परत या म्हटलं.

त्या म्हणाल्या, "नको दादा. हितं मेस बंद होती तवाबी शेठनं निम्मा पगार दिला बायांना."