खमक्या मण्याची गोष्ट

बेंगळुरूच्या फळबाजारात 'बेंगलोर ब्लू' द्राक्षांचा ढीग दिसला, तरी मराठी पाहुणा सहसा पुढे सरकतो. त्याच्या डोळ्यांपुढे नाशिक-तासगावची हिरवी, बिनबियांची द्राक्षं असतात. हा मणी पडला बारका, काळा-जांभळा, वर बियांचा. चिमटीत दाबला की साल हातात राहते नि गर सटकन बाहेर! म्हणून त्याचा मोठा वाटा रस आणि वाइनसाठी जातो. पण एका बाबतीत हे साधंसुधं द्राक्ष बड्या बड्यांना भारी आहे. करप्याला ते सहजी दाद देत नाही.

करपा ही बुरशी. पावसाळी, दमट हवेत ती कोवळ्या शेंड्यांवर आणि मण्यांवर उतरते. मण्यावर मधे राखाडी, कडेनं काळपट असा गोल ठिपका पडतो. अगदी पक्ष्याच्या डोळ्यासारखा. अशा घडाला गिऱ्हाईक कुठलं?

वेल पळून जाऊ शकत नाही. तिच्या अंगात आपल्यासारख्या पांढऱ्या पेशीही फिरत नाहीत. मग ती लढते कशी? प्रत्येक पेशीला आपापला पहारा करावा लागतो. बुरशीच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. त्याचे तुकडे पेशीच्या बाहेरच्या प्रथिनांना चिकटले, की आत घंटा वाजते. पेशीत कॅल्शियम घुसतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि एरवी झोपलेली जनुकं कामाला लागतात. एक प्रथिन बुरशीची कायटिनची भिंतच कातरतं. काही पेशी तर स्वतःच मरून शत्रूचं अन्नपाणी तोडतात!

आणखी एक हत्यार म्हणजे रेस्व्हेराट्रॉल. रेड वाइनच्या कौतुकात हे नाव हमखास येतं. पण वेल ते माणसाच्या हृदयासाठी बनवत नाही, हे गोळ्या विकणारे सांगत नाहीत. 1976 मध्ये लँगकेक आणि प्राइस या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की बुरशी लागली की द्राक्षाच्या पानांत ते तयार होतं. ते घडवणाऱ्या जनुकांच्या चाळीसहून अधिक प्रती द्राक्षात आहेत. 1993 मध्ये असं जनुक तंबाखूच्या रोपात घातलं, तर तंबाखूही बुरशीला पुरून उरू लागली. गंमत म्हणजे, ज्या कच्च्या मालातून हे विष बनतं, त्यातूनच मण्याचा जांभळा रंगही बनतो. हत्यार घडवायचं की रंग भरायचा, हा हिशेब मण्याच्या आत चालू असतो.

मग ही शस्त्रं सगळ्याच द्राक्षांत असताना एक वाण टिकतो नि दुसरा का झोपतो? फरक पडतो तो बहुधा वेगाचा. चिवट वाणाची पेशी लवकर जागी होते आणि जोरानं मारा करते. नाजूक वाण जागा होईतो बुरशीनं घर केलेलं असतं. महाराष्ट्रातली थॉमसन सीडलेस नाजूक. तास-ए-गणेश, सोनाका ही तिचीच भावंडं. वेल काडीपासून वाढते, त्यामुळे बागच्या बाग एकाच रक्ताची. एकीला लागलं की सगळ्यांना लागतं. मग पावसाची सर आली, की बागायतदार फवारणीला धावतो. त्याचं बिल त्याच्या खिशातून जातं आणि औषधाचा अंश कधी कधी आपल्या ताटापर्यंत पोचतो.

बेंगलोर ब्लूही काही अजिंक्य नाही. डाऊनी तिलाही धरते. डाऊनीचा जंतू मुळात खऱ्या बुरशीच्या कुळातलाच नाही.

बेंगळुरूजवळ हेसरघट्ट इथं भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी बेंगलोर ब्लूचा 'ब्लॅक चंपा'शी संकर करून 'अर्का श्याम' हा वाण काढला. करप्याशी झुंजायचा आईचा गुण त्यातही उतरला.

2013 मध्ये बेंगलोर ब्लूला भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर देवनहळ्ळीला विमानतळ येऊन पाच वर्षं झाली होती आणि आसपासच्या द्राक्षबागांच्या जमिनींवर प्लॉटच्या खुणा पडू लागल्या होत्या.