पाठीचा कणा आणि घरची माया

गेल्या दोन अंकांत हे सदर आले नाही, त्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. कारण घरचेच होते. आमची नात, वय १३, इयत्ता आठवी, हिच्या पाठीच्या कण्यावर दिवाळीनंतर मुंबईस शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी तिला रुग्णालयातून सोडले. दोन दिवस नातलगांकडे ठेवून, सुरतेवरून येणाऱ्या रात्रीच्या गाडीने, खालच्या बाकावर निजवून आम्ही तिला नंदुरबारास आणले. तेव्हापासून आमचे बारा माणसांचे घर तिच्या खाटेभोवती फिरू लागले. ते तसे फिरू देण्यात आमची जी चूक झाली, ती सांगितल्यावाचून दुसरा विषय हाती घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

मुलीचा कणा डाव्या-उजव्या बाजूंस वळून इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखा झाला होता. क्ष-किरणांच्या चित्रावर बाक ५६ अंशांचा भरला. १० अंशांपासून वैद्य त्यास विकार म्हणतात, आणि वाढत्या वयात तो ४५-५० च्या पुढे गेला म्हणजे बहुधा शस्त्रक्रियाच सुचवितात. वयात येताना उंची झपाट्याने वाढू लागली की हा बाकही वाढतो, आणि मोठे बाक मुलांपेक्षा मुलींतच अधिक आढळतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. मात्र कोणते कारण नव्हे, हे ठाऊक आहे. दप्तराचे ओझे नव्हे. वाकडे बसणे नव्हे. आईने लहानपणी एकाच कडेवर घेतले, हेही नव्हे. हे शेवटचे आम्ही थोरल्या सूनबाईंसाठी मुद्दाम लिहीत आहोत, कारण पहिले आठ दिवस घरात त्यांस हेच ऐकून घ्यावे लागले.

आणि आम्ही स्वतः काय केले? ही पोर एक खांदा उंच करून बसते हे दोन वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होते, आणि ‘वाकडी बसू नकोस, ताठ बस’ असे म्हणून आम्ही तिलाच रागे भरत होतो. ती बिचारी तिच्या परीने ताठच बसलेली असे. वर्गातही आम्ही जन्मभर हेच वाक्य म्हणत आलो. त्यांतल्या किती मुलांना असा बाक होता, देव जाणे. वास्तविक तो ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. ॲडम्स नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने ती १८६५ साली सांगून ठेवली. मुलास पाय जुळवून उभे करावे, तळहात जोडून हात लोंबते ठेवून कमरेतून पुढे वाकावयास सांगावे, आणि आपण मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर वैद्यास दाखवावे. हे वेळीच कळले आणि बाक लहान असला तर कमरपट्ट्यासारखे एक कवच दिवसाचे बरेच तास घालून तो पुष्कळदा थोपविता येतो. २०१३ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, कवच घातलेल्या मुलांपैकी १०० त ७२ जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही; न घातलेल्यांत असे ४८ च निघाले. आमच्या नातीची ती वेळ आम्ही तिला रागावण्यात घालविली.

भागवताच्या दशम स्कंधात कुब्जेची कथा आहे. श्रीकृष्णाने तिची पावले आपल्या पायाने दाबून, हनुवटीस दोन बोटे लावून तिला एका क्षणात सरळ केले. मुंबईच्या शल्यवैद्यांस त्या कामी सहा तास लागले, आणि दोन सळ्या व पुष्कळसे स्क्रू खर्ची पडले. पण कुब्जा सरळ होऊन घरी गेल्यावर घरच्या मंडळींनी तिला कसे वागविले, याविषयी व्यासांनी काही लिहिलेले नाही. आमची अडचण तेथूनच सुरू झाली.

वैद्यांनी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी मुलीस उभे केले होते. घरी जाताना बजावले की, दिवसातून चार-पाच वेळा चालवा. वाकणे, पिळणे, ओझे उचलणे एवढे तीन महिने वर्ज्य. आमच्या मातोश्रींस हे मुळीच पटले नाही. पाठीच्या हाडाचा क्षय झालेली मुले प्लास्टरच्या कवचात महिनेच्या महिने निजलेली त्यांनी पाहिली होती. ‘हाडाला विश्रांतीच लागते’, हा त्यांचा निकाल. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही मत त्यांच्याच बाजूचे होते. आमच्या बालपणी गल्लीतला एक सोबती असाच वर्षभर पडून असलेला आम्हांस आठवतो. त्या काळी ते चूक नव्हते. १९११ साली न्यूयॉर्कच्या हिब्स यांनी मणके एकमेकांस सांधण्याची शस्त्रक्रिया केली, तेव्हा आत आधार काहीच नसे. हाड जुळून येईपर्यंत बाहेरून प्लास्टर आणि अंथरूण हाच आधार. ह्यूस्टनच्या हॅरिंग्टन यांनी आत लोखंडी सळी बसविण्याची युक्ती काढली, आणि १९६२ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आताच्या सळ्या प्रत्येक बाजूने मणक्यांत स्क्रूंनी पक्क्या केलेल्या असतात. हाड जुळावयास सहा महिने ते वर्ष लागते, पण तोवर आतली धातू कण्यास धरून ठेवते. म्हणून चालता येते. किंबहुना चालले नाही तर फुप्फुसे, आतडी आणि पायांचे स्नायू हीच सुस्तावतात.

क्षयाच्या बाबतीतही हेच झाले. मिरज-पांचगणीच्या आरोग्यधामांची हवा आणि अंथरूण यांवाचून तो रोग हटत नाही, अशी आमच्या वाडवडिलांची श्रद्धा. १९५९ साली मद्रासच्या केंद्राने सिद्ध केले की, औषध नियमाने घेतले तर रोगी आपल्या दाटीवाटीच्या घरी राहूनही जवळजवळ तितकाच बरा होतो. गुण औषधाचा होता, खाटेचा नव्हता.

हे सर्व आम्हांस आज कळते. पहिले दहा दिवस मात्र मुलीस पाण्याचा पेला उचलू दिला नाही. धाकट्या सूनबाई घास भरवीत, आजी पाय चेपी, काका पलंगावरून उचलू पाहत. मुलगी हसेनाशी झाली, जेवीनाशी झाली. वेदनाशामक गोळ्यांनी पोट जड झाले होते, त्यात मातोश्रींनी ‘जखम चिघळते’ म्हणून वांगे, आंबट, ताक, सारेच बंद केलेले. एकदा कणकण वाटली. जखमेचे चित्र मुंबईस पाठविले, फोन केला. जखम लाल झाली, स्रवू लागली, पाय बधिर वा लुळे पडले, लघवी अडली, तर त्याच क्षणी कळवा, असे त्यांनी आम्हांस आधीच सांगितले होते. ही नुसती सर्दी निघाली. सर्दीचे कारण नंदुरबारकरांस सांगावयास नको. मार्गशीर्षात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या म्हणजे सारा गाव शिंकतो. पण ताज्या शिवलेल्या पाठीने शिंकणे म्हणजे काय, ते त्या पोरीने भोगले. उशी छातीशी घट्ट धरून शिंकावे, ही युक्ती व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी सांगितली.

त्या बाई आल्या तो दिवस आमच्या घरी क्रांतीचा. त्यांनी पलंगाशी उभ्या असलेल्या आम्हां सहा जणांस बाहेर घालविले आणि मुलीस विचारले, ‘तुझे तुला काय काय करावेसे वाटते?’ ती म्हणाली, ‘दार लावून एकटे बसावेसे वाटते.’ आम्ही दाराबाहेर ते ऐकले. समाचारास येणारी मंडळी रोज तिची पाठ उघडी करून पाहत होती, आणि आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नव्हते.

मग पुष्कळ गोष्टी बदलल्या. ओंडका लोळवावा तसे खांदे व कंबर एकदम वळवून कुशीवर व्हावयाचे आणि हाताच्या जोराने उठावयाचे, हे ती दोन दिवसांत शिकली. पाटावर मांडी घालणे बंद, म्हणून तिच्याबरोबर सर्वच मुले खुर्च्यांवर जेवू लागली. ताक, पालेभाजी आणि नवापूरच्या तुरीचे वरण पुन्हा पानात आले. चालणे ओटीपासून अंगणापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, आणि पौषाच्या आरंभी एके सकाळी ती वडिलांबरोबर शिरीषकुमारच्या स्मारकापर्यंत जाऊन आली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीस बळी पडलेला तो मुलगा अवघा १५ वर्षांचा होता, हे तिने घरी येऊन आम्हांस हिशेब करून सांगितले.

संक्रांतीस दोन प्रसंग झाले. तिळगूळ घेताना वाकून नमस्कार करणे तिला शक्य नव्हते. मातोश्रींनीच तिला जवळ उभी करून तिच्या हनुवटीस हात लावला, आणि प्रश्न मिटला. दुसरा प्रसंग अवघड. घरात आधीच ठरले होते की, मुलीची जात, पुढे लग्न व्हावयाचे. तेव्हा कोणी विचारल्यास पोटाची शस्त्रक्रिया म्हणून सांगावयाचे. हे ठरविणाऱ्यांत आम्ही होतो. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी विचारले, सूनबाई ‘पोटाची’ म्हणून बोलू लागल्या, तोच मुलगी म्हणाली, ‘नाही हो काकू, माझ्या पाठीत दोन सळ्या आहेत.’ बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या भाचीचाही एक खांदा वर दिसतो. तिला कोणाला दाखवावे?’ ती भाची आता वैद्यांकडे जाऊन आली आहे.

रुग्णालयात शेजारच्या खाटेवर अक्राणीकडच्या डोंगरातला एक भिल्ल मुलगा होता. वैद्य त्याच्या बापास खाट, उंच शौचपात्र, फोन, सर्व समजावून सांगत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘घर वर आहे. चढ कधी चढता येईल?’ आमच्या घरी शौचाची खुर्ची एका दिवसात आली. त्याच्या घरी काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

नात माघात शाळेत जाऊ लागली. पुस्तकांचे दोन संच केले, एक घरी व एक शाळेत, म्हणजे दप्तर नको. तासाच्या मध्यावर उठून उभे राहण्याची मुभा वर्गशिक्षकांनी दिली. शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेश आखूड निघाला. कणा सरळ झाल्याने ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दीड इंच उंच झाली होती, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. सूनबाईंनी रात्री दुमड उसवली. पुढील तपासणी येत्या महिन्यात आहे. गाडीची तिकिटे काढली आहेत, आणि या वेळी तिने वरचा बाक मागितला आहे. वैद्यांस विचारून कळवू, असे आम्ही तिला सांगितले आहे.