खड्ड्याशी भांडा, पाण्याशी नको

आपल्या भागातून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची पाइपलाइन जाणार हे कळल्यापासून सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "गटाराचं पाणी आमच्या दारातून नको, सह्या करा." मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो. दोन ओळींत उत्तर दिलं की लगेच "तुम्ही महापालिकेचे का?" असं विचारतात.

मंडळी, गटाराचं पाणी आपल्या दारातून आजही जातंय, आणि ते आपल्याच घरातलं आहे. त्याच रस्त्याखाली ड्रेनेजची लाइन आहे. काहीही प्रक्रिया न झालेलं मैलापाणी तिच्यातून वाहतं आणि पिण्याच्या पाण्याची लाइनही त्याच रस्त्याखालून येते. इतक्या वर्षांत त्यावर एक सही झाली नाही. आता तेच पाणी साफ होऊन बंद पाइपातून कारखान्यांकडे जाणार म्हटल्यावर आपल्याला किळस आली!

साधा हिशेब करा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, हा सरकारी निकष. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरतात. म्हणजे चौघांच्या घरातून रोज चारशे लिटरच्या वर. हे सगळं खाडीत नाहीतर नदीत सोडायचं, आणि बॉयलरला, बांधकामाला, दुभाजकावरच्या झाडांना मात्र धरणाचं पाणी द्यायचं. ज्यांच्या जमिनी त्या धरणात गेल्या त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, हे तरी आठवा.

हे काही जगावेगळं नाही. नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. प्रकल्प १३० एमएलडीचा, म्हणजे रोज तेरा कोटी लिटर. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या प्रकल्पांतून औद्योगिक पट्ट्याला असं पाणी द्यायची व्यवस्था केली आहे. नामिबियाची राजधानी विंडहोक तर १९६८ पासून असं पाणी शुद्ध करून पिते. आपल्याला कुणी प्यायला सांगत नाहीये.

मग भीती खोटी आहे का? नाही. पण ती चुकीच्या जागी आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं. पुरवठा बंद झाला की लाइनमधला दाब जातो, आणि जिथे जॉइंट गळका असतो तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. दुसरा धोका चुकीच्या जोडणीचा. सगळे पाइप एकाच रंगाचे असले तर उद्या कुणीतरी घाईत भलत्याच लाइनला नळ जोडणार. कॅलिफोर्नियात या पाण्याचे पाइप जांभळे असतात ते उगाच नाही.

आता खरं भांडण कुठे आहे ते बघा. चर खणून तीन आठवडे झाले. बॅरिकेड म्हणून दोन पत्रे आणि एक दोरी. रात्री दिवा नाही. ठेकेदाराचं नाव, कामाची लांबी, संपायची तारीख लिहिलेला फलक नाही. जेसीबीने आपली पिण्याची लाइन फोडली, दोन दिवस गढूळ पाणी आलं, आणि मी विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "काम चालू आहे." ज्येष्ठ नागरिक राडारोड्यावरून वाट काढत जातायत, शाळेची बस चौकातच थांबते. यावर बॅनर कुणी लावला? कुणीच नाही. "गटाराचं पाणी हटाव" म्हणणं सोपं आहे, त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. ठेकेदाराला जाब विचारायचा तर घ्यावं लागतं.

आणि समजा, आपल्या विरोधामुळे काम थांबलं. चर कोण बुजवणार? पावसाळ्यात तो तसाच आपल्या गेटसमोर राहणार, आणि ठेकेदार "स्थानिकांचा विरोध" असं कारण दाखवून मोकळा होणार.

म्हणून मी वेगळा अर्ज लिहिला आहे. त्यातल्या मागण्या अशा :

१. एका वेळी जेवढा पाइप टाकून होईल तेवढाच रस्ता खणा. बॅरिकेड आणि रात्री दिवा हवाच.

२. पिण्याची लाइन वर, ही खाली, दोन्हींत नियमाप्रमाणे अंतर. बुजवण्याआधी रहिवाशांच्या प्रतिनिधींना दाखवा.

३. पाइपाला वेगळा रंग, आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर मराठीत ठळक "पिण्यासाठी नाही".

४. दाबाची चाचणी झाल्याशिवाय चर बुजवू नका, आणि रस्ता पूर्ववत झाल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका.

५. प्रकल्पातल्या पाण्याचे तपासणी अहवाल दर आठवड्याला जाहीर करा.

६. कारखान्यांना हे पाणी जितकं जाईल, तितकं त्यांचं धरणाचं पाणी कमी झालं का आणि ते नळांना आलं का, याचा आकडा दर महिन्याला सांगा.

सहावी मागणी सगळ्यात महत्त्वाची. ती मान्य झाली नाही तर खड्डे आपल्या वाट्याला आणि पाणी दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार होईल. जो रस्ता देतो त्याला त्या बदल्यात काय मिळालं, हे विचारायचा हक्क आहे. तो हक्क "नको, नको" म्हणून घालवू नका.

अर्जाची प्रत पहिल्या कमेंटमध्ये टाकतो. वाचा, काही चुकत असेल तर तिथेच सांगा. रविवारपर्यंत सह्या झाल्या तर सोमवारी वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घेऊ. किमान दहा जण तरी बरोबर या.