आधी घर बघा, मग गैरहजेरी मांडा

महापालिकेच्या शाळेतल्या मुलांच्या वस्तीत जावं की नाही, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ‘जायचं कशाला? आईबापांनाच पडलेली नाही.’ दुसरा म्हणतो, ‘जायलाच हवं, डोळे उघडतात.’ मला दोन्ही पटत नाहीत.

दुसऱ्याचा निकाल लवकर लागतो. शनिवारी एकसारखे टी-शर्ट घालून यायचं, वह्या वाटायच्या, पोरांना ओळीत बसवून फोटो काढायचे आणि सोमवारी गल्लीचं नाव विसरायचं. यात डोळे उघडलेच तर पाहुण्यांचे. पोरांच्या हाती वही पडते, जी मुंबई महापालिका तशीही फुकट देते. धारावीत तिकीट लावून गल्ल्या दाखवणाऱ्या सहली निघतात. ते निदान धंद्याला धंदा म्हणतात.

पहिला पक्ष जास्त घातक, कारण तो स्टाफरूममध्येच बसलेला असतो. ‘पडलेली नाही’ हे त्याने कुठे पाहिलं? हजेरीपटात. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत पाणी शाळेची घंटा बघून येत नाही. अनधिकृत झोपडीलाही पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं; तरी पिंप भरायची पाळी काही सुटली नाही. आई धुण्याभांड्याच्या कामाला गेलेली, मग कॅन घेऊन रांगेत उभी राहते ती चौथीतली थोरली. ती पाऊण तास उशिरा पोचली, तर तिच्या नावापुढे जी खूण पडते तिचा अर्थ आपण ‘पालकांची अनास्था’ असा लावतो.

किंवा एखादा मुलगा घ्या. दहा बाय बाराची खोली, रात्रपाळी करून आलेला बाप खाली झोपलेला. पोरगा लोखंडी शिडीने माळ्यावर चढतो आणि तापलेल्या पत्र्याखाली पालथा पडून गृहपाठ लिहितो. दुसऱ्या दिवशी वहीवर लाल शेरा: ‘अक्षर सुधारा.’ अक्षर सुधारेलही हो, पण आधी त्याला मांडी घालून बसायला जागा द्या. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. तो संपला की बिऱ्हाड दुसऱ्या वस्तीत जातं आणि पटावर मूल ‘सतत गैरहजर’ होतं. यातलं काहीही वर्गातल्या खुर्चीवरून दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: शिक्षकांना वेळ कुठे आहे? अर्धं खरं आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने अशैक्षणिक कामांवरच्या बंदीतून जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण वगळून ठेवलंय. म्हणून मतदारयादी घेऊन कितीतरी शिक्षक वस्त्यांत दारोदार फिरतातच. दार वाजवतात, अठरा वर्षांवरची माणसं मोजतात. पडद्याआडून बघणारं आठ वर्षांचं पोर त्या यादीत नसतं, म्हणून ते मोजलं जात नाही. त्याच कायद्याचं कलम २४ मात्र शिक्षकाने पालकांना नियमित भेटावं, मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, असं म्हणतं. आपण त्याची पालकसभा केली, तीही भर सकाळी. रोजावर जगणाऱ्या बाईने खाडा करून यावं आणि नाही आली तर तिला पडलेली नाही!

घरी जाणं हे काही परदेशी फॅड नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, नंतर कोसबाडला हेच केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी उगवली ती त्यातून.

मग गरिबांना संकोच वाटेल त्याचं काय? वाटेल, जर कॅमेरा आणि तपासनीसाची नजर घेऊन गेलात तर. आगाऊ निरोप देऊन वर्गशिक्षिका एकटी आली, उंबऱ्याशी बसली, पोराचं गणित बरं आहे म्हणाली, तर त्या घरात आधी चहा टाकला जातो. भेटीनंतर शाळेनेही थोडं हलावं: पाण्याच्या पाळीवाल्या मुलीला गेटवर अडवू नये, गृहपाठ शाळा सुटल्यावर वर्गातच करू द्यावा.

निवडणुकीच्या कामाला लेखी आदेश निघतो, शिक्षकाची ड्युटी लागते. वर्षातून दोन गृहभेटींसाठी शिक्षण खात्याने तसाच आदेश काढावा आणि तो वेळ शाळेच्या कामातच धरावा.