काळा कोट आणि दुकानाचा गल्ला



एका जिल्ह्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. बी.कॉम. होऊन बारा वर्षं झाली, दोन मुलं शाळेत जातात, यजमानांची शेतीपंपांची एजन्सी आहे आणि तिथल्या वह्या, वसुली सगळं याच पाहतात. सासूबाई म्हणाल्या आहेत, "शिकायचं तर तीन वर्षांत काय ते उरकून घे, माझे हातपाय चालताहेत तोवर." तेव्हा यांचा विचार असा, की एलएल.बी. आणि एम.बी.ए. दोन्ही एकदमच करावं. जमेल का, असं विचारलंय.

सासूबाईंचं मला कौतुक वाटलं. मुदत घालून का होईना, घर सांभाळते म्हणणाऱ्या सासवा आहेत कुठे!

आधी नियम पाहू, कारण फसायला होतं ते इथेच. २०२२ च्या एप्रिलमध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. पण त्यातच असंही म्हटलं आहे, की ज्या शिक्षणावर एखाद्या व्यावसायिक परिषदेची देखरेख आहे, तिथे त्या परिषदेचे नियमही पाळायचे. कायद्याच्या शिक्षणावर देखरेख असते बार कौन्सिल ऑफ इंडियाची. तिच्या २००८ च्या नियमांप्रमाणे, कायद्याला नाव घातलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या पदवीला नाव घालता येत नाही. सूट आहे ती दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला, आणि भाषा किंवा संगणकाच्या छोट्या सर्टिफिकेट कोर्सला. म्हणजे सकाळी लॉ कॉलेज आणि संध्याकाळी एम.बी.ए.चं कॉलेज, हे बसत नाही. लॉ कॉलेजात जाऊन करायचं आणि एम.बी.ए. घरी बसून दूरशिक्षणाने, हे बसतं. उलट मात्र चालत नाही बरं का! घरबसल्या एलएल.बी. देतो म्हणणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नका, त्या कागदावर सनद मिळत नाही.

"पण कळणार कोणाला?" असं सांगणारेही भेटतील. २०२४ च्या सप्टेंबरात बार कौन्सिलने कॉलेजांना कळवलं, की दुसरी पदवी किंवा नोकरी चालू आहे का हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या आणि हजेरी यंत्रावर घ्या. खोटं लिहून दिलं तर तीन वर्षांची मेहनत सनदेच्या वेळी अडकायची. पदवी हाती असून वकिली करता न येणं काय असतं ते आपल्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना ठाऊक होतं. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली, आणि हिंदुस्थानात बायकांना वकिलीचं दार कायद्याने उघडलं ते १९२३ साली! त्यांच्यापुढे दार बंद होतं म्हणून. आपण आपल्या हाताने ते लावून घेऊ नये.

आता वेळेचा हिशेब. वाण्याची यादी करतो तसा कागदावर मांडा. एलएल.बी.चे वर्ग आठवड्याला तीस तास आणि प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी, म्हणजे अगदी काठावर राहायचं म्हटलं तरी एकवीस तास. दूरशिक्षणाचं म्हणाल, तर इग्नूच्या हिशेबाने एका क्रेडिटला तीस तास अभ्यास, म्हणजे चार क्रेडिटच्या एका विषयाला एकशेवीस तास. सहामाहीत चारच विषयांच्या परीक्षा द्यायच्या ठरवल्या तरी चारशे ऐंशी तास होतात, आठवड्याला साडेअठरा. दोन्ही मिळून चाळीस तास झाले! यात एस.टी.चा प्रवास नाही, कायद्याचा घरचा अभ्यास नाही, पोराचा ताप नाही आणि दिवाळीचा फराळही नाही. मी शाळेत अर्धा दिवस शिकवते, तेवढ्याने सुद्धा माझं भिजवलेलं धान्य कधी कधी मोड येऊन वर कोंब फुटेपर्यंत राहतं, म्हणून सांगते.

तरीही जमेल, कारण इग्नूचं एम.बी.ए. दोन वर्षांऐवजी चार वर्षांपर्यंत लांबवता येतं. मात्र मग ते तीन वर्षांत उरकत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

पण ताई, मला खरी विचारायची गोष्ट निराळीच आहे. दोन्ही पदव्या हातात आल्यावर करायचं काय? कारण शिकताना दोन्ही एकत्र नांदतील, पण कामात नांदत नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सनद घेतलेल्या वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. नुसती भांडवलापुरती, कामकाजात भाग न घेणारी भागीदारी चालते. तीही धंदा वकिलीला शोभणारा आहे असं राज्याच्या बार कौन्सिलला वाटलं तर. वारशाने आलेला घरचा धंदा चालू ठेवता येतो, पण त्याचा कारभार स्वतः पाहता येत नाही. पगाराची पूर्ण वेळ नोकरीही नाही. म्हणजे सकाळी कोर्टात काळा कोट आणि दुपारी एजन्सीच्या गल्ल्यावर, असं चित्र तुम्ही मनात रंगवलं असेल तर ते पुसायला हवं. हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही, माहितीपत्रकात तर नसतंच.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं ते स्पष्ट लिहिते. एजन्सीच पुढे न्यायची असेल तर एलएल.बी. करा आणि सनद घेऊ नका. न वटलेले चेक, गिऱ्हाईकाच्या तक्रारी, कंपनीशी केलेला करार, जागेचा भाडेपट्टा, हे सगळं तुम्हाला कायद्याच्या वर्गातच भेटेल, आणि सनद नसली की गल्ल्यावर बसायला कोणाची हरकत नाही. बारा वर्षं वसुली करणाऱ्या बाईला एम.बी.ए. नवीन किती शिकवणार, याची मला शंका आहे. आणि कोर्टातच उभं राहायचं असेल, तर वह्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची तयारी आजपासून ठेवा. यजमानांशी हे बोलणं प्रवेशाआधी व्हायला हवं. त्यांनी तुम्हाला एजन्सीसाठी शिकवायचं ठरवलेलं असायचं आणि तुम्ही कोर्टासाठी शिकत असायच्या! नव्या वकिलाची पहिली काही वर्षं मिळकतही बेताचीच असते, तेही बोलून घ्या.

दोन्ही पदव्या खऱ्या उपयोगी पडतात त्या निराळ्या वाटेवर. कंपनीच्या कायदे विभागात, बँकेत, करारमदाराच्या कामात नोकरी करायची असेल तर. अशी नोकरी तुमच्या गावी आहे का, का त्यासाठी पुण्यामुंबईला बिऱ्हाड हलवावं लागेल, हे तुम्हीच जाणता.

तुमची भाची बारावीला आहे असं लिहिलंय. तिच्यासाठी मात्र बी.बी.ए. एलएल.बी. हा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे, पुण्यात सिंबायोसिसला आहे, तिथे दोन्ही विषय एकाच छपराखाली होतात.

वयाची काळजी करू नका. आपल्याकडे तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीला वयाची वरची अट नाही. पदवीला खुल्या वर्गासाठी पंचेचाळीस टक्के लागतात, ओबीसींना बेचाळीस, अनुसूचित जातीजमातींना चाळीस. तेव्हा ट्रंकेतून गुणपत्रिका काढून आधी टक्केवारी पाहा, आणि जवळच्या लॉ कॉलेजच्या ऑफिसात जाऊन वर्ग किती वाजता सुरू होतात ते विचारून या. मुलांच्या शाळेची वेळ आणि ती वेळ शेजारी शेजारी लिहून मला पुन्हा पत्र पाठवा.